काळ्या मातीसाठी आणि सातपुड्याच्या घाटांसाठी जुनी फोर बाय फोर घेताना

माझ्या पहिल्या फोर बाय फोरला दोन लिव्हर होते. एक गिअरचा आणि त्याच्या शेजारी एक छोटा. छोट्याच्या मुठीवरची अक्षरं कोरी करकरीत होती. विकणारा म्हणाला, "बघा, किती जपून वापरलीये." मीही खूश झालो. जुलैत तापीकाठच्या आमच्या शेताकडे जाताना गाडी गाऱ्यात बसली, तेव्हा तो लिव्हर मी पहिल्यांदा ओढला. हललाच नाही. दोन्ही हातांनी ओढला, पाय टेकवून ओढला, शेवटी शेजारच्या मळ्यातला ट्रॅक्टर बोलावला. अमळनेरचे मिस्त्री गाडीखाली झोपले आणि खालूनच म्हणाले, "आप्पा, हाऊ लिव्हर कवयच मरी जायेल शे." म्हणजे, हा लिव्हर केव्हाचाच मेलाय.

कोरी मूठ म्हणजे जपून वापरलेली गाडी नव्हे, कधीच न वापरलेली यंत्रणा. आपल्याकडे जुन्या फोर बाय फोर गाड्यांचं मुख्य दुखणं हेच असतं. घेणारा इंजिन ऐकतो, रंग बघतो, एसी लावून बघतो. ज्या भागासाठी तो जास्तीचे पैसे मोजतोय, तो भाग चालतो का, हे मात्र कुणी बघत नाही. म्हणून हा लेख बराचसा गाडीच्या खाली आणि त्या छोट्या लिव्हरभोवतीच फिरणार आहे.

आधी दिवस मोजा

वर्षातले किती दिवस तुम्हाला चारही चाकांची ओढ लागणार आहे? डांबरी रस्त्यालगत शेत असलेल्या माणसाला शून्य. कापसाच्या काळ्या रानात दोन किलोमीटर पाणंद रस्ता तुडवून जाणाऱ्याला पावसाळ्यातले बरेच दिवस. रावेर, यावल, सावदा पट्ट्यातल्या केळीवाल्यांची गोष्टच वेगळी, तिथे पाण्यामुळे बागेतली वाट उन्हाळ्यातही ओली असते. आणि धडगाव, मोलगी, तोरणमाळ या बाजूला ज्यांचं कायम जाणं-येणं आहे (मी आमचूर आणायला जातो), त्यांना चिखलापेक्षा ओले चढ आणि घाटात वाहून आलेली माती-दगड यांचा त्रास जास्त.

आपली काळी माती समजून घेतली की गाडी निवडणं सोपं जातं. ही माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ओली झाली की ती टायरच्या खाचांमध्ये थापली जाते आणि दहा-पंधरा फुटांत टायर गुळगुळीत लाडू होतो. लाडू झालेलं चाक एक असो की चार, ते घसरतंच. त्यामुळे फोर बाय टू (फक्त मागची चाकं ओढणाऱ्या) बोलेरोला चांगले टायर असतील, तर ती गोट्या टायरच्या फोर बाय फोरच्या पुढे निघून जाते. हे मी आमच्याच शिवारात बघितलंय, आणि फोर बाय फोरवाला मीच होतो.

दुसरं, ट्रॅक्टरने पाडलेल्या चाकोऱ्या. चाकोरी तुमच्या गाडीच्या पोटापेक्षा खोल गेली की मधला उंचवटा हौजिंगला (दोन चाकांच्या मधल्या लोखंडी गोळ्याला) लागतो आणि गाडी पोटावर बसते. मग चारही चाकं हवेत फिरल्यासारखी फिरतात. तिथे ग्राउंड क्लिअरन्स (पोटाखालची मोकळी उंची) कामाला येतो: नवी थार २२६ मिमी, जिम्नी २१० मिमी. पण ट्रॅक्टरच्या चाकाशी यातली कुठलीच गाडी बरोबरी करत नाही, तेव्हा चाकोरी सोडून कडेने चालवायची सवय लावा.

आणि एक गैरसमज. चार चाकांची ओढ गाडी निघायला मदत करते, थांबायला नाही. ब्रेक सगळ्याच गाड्यांना चार चाकांना असतात. चांदसैली घाटात ओल्या वळणावर जोरात घातलेली फोर बाय फोर तितक्याच सहज दरीकडे सरकते.

दोन जाती

बाजारात या गाड्या ढोबळमानाने दोन जातींच्या मिळतात.

पहिली, लिव्हरवाली. थार, जिप्सी, जिम्नी, गुरखा, जुनी सफारी किंवा स्कॉर्पिओ फोर बाय फोर, व्ही-क्रॉस. एरवी मागची चाकं ओढतात. लिव्हर किंवा बटण टाकलं की पुढची आणि मागची चाकं एकमेकांना घट्ट जोडली जातात. यात लो रेंज असते, म्हणजे गाडी बैलाच्या चालीने पण बैलाच्याच जोराने चढते, आणि उतारावर इंजिनच गाडी धरून ठेवतं. मात्र ही जोडणी कोरड्या डांबरावर वापरायची नाही. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा फेरा घेतात. मातीत चाक घसरून तो फरक भरून निघतो, डांबरावर निघत नाही, आणि सगळा ताण गिअर, शाफ्ट आणि क्रॉसवर (शाफ्टच्या सांध्यांवर) येतो.

दुसरी, आपोआप जोडणारी, म्हणजे ऑल व्हील ड्राइव्ह. डस्टर एडब्ल्यूडी, एक्सयूव्ही ५००, ग्रँड विटारा ऑलग्रिप. पुढचं चाक घसरलं की मधला क्लच मागे ताकद पाठवतो. ओला घाट, वाळू, थोडा चिखल यांसाठी उत्तम, घरच्यांनाही चालवायला सोपी. पण खोल गाऱ्यात पाच-दहा मिनिटं रेटत राहिलं तर तो क्लच तापतो आणि गाडी स्वतःच मागची चाकं सोडून देते. शिवाय अशा गाडीला चारही टायर एका मापाचे आणि जवळपास सारख्या झिजेचे लागतात. दोन नवे, दोन जुने अशी गाडी दिसली तर मधल्या क्लचने किती सोसलं असेल, ते विचारात घ्या.

माझं मत विचाराल तर शेत आणि सातपुडा असेल तर पहिली जात. धुळे-जळगाव-सुरत हायवे जास्त आणि घाट कधीमधी असेल तर दुसरी.

कुठली गाडी, कुठला सापळा

थार घेताना सर्वांत आधी दुसरा लिव्हर आहे का ते बघा. ऑक्टोबर २०२० मध्ये आलेली नवी थार आधी फक्त फोर बाय फोर होती, पण २०२३ च्या सुरुवातीला १.५ लिटर डिझेलसह मागच्या चाकांची थारही आली. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. "थार आहे म्हणजे फोर बाय फोर असणारच" असं म्हणून इसार देऊन बसलेले लोक मला माहीत आहेत. थार रॉक्स आणि स्कॉर्पिओ-एनमध्येही दोन्ही प्रकार आहेत, आणि त्यांच्यात फोर बाय फोर फक्त डिझेलला मिळते. मागच्या काचेवर चिकटवलेल्या "फोर बाय फोर" अक्षरांना काही अर्थ नाही, आपल्याकडे ती अक्षरं फोर बाय टू बोलेरोवरही दिसतात.

जिप्सी हलकी, म्हणून चिखलात अजूनही तिला तोड नाही. १९८५ पासून आलेली ही पेट्रोल गाडी २०१८-१९ च्या सुमारास बंद झाली. लोखंड मात्र बघून घ्या. बऱ्याच जिप्सींना पुढच्या चाकांवर हाताने फिरवायचे हब (चाक शाफ्टला जोडणारे-सोडणारे खटके) असतात. लिव्हर टाकला पण हब "लॉक"वर नसतील तर पुढच्या चाकांना काहीच जात नाही. एकाच बाजूचा हब लॉक केला तरी तेच. लष्कराच्या लिलावातल्या जिप्सी मिळतात, पण त्यांची कागदपत्रं सरळ आहेत याची खात्री पटेपर्यंत इसार देऊ नका.

डस्टर एडब्ल्यूडी २०१४ मध्ये आली, आपल्याकडे ती डिझेल मॅन्युअलमध्येच होती. लो रेंज नाही, पण पहिला गिअर मुद्दाम आखूड ठेवलाय, त्यामुळे चढावर निभावते. घाटात ही मला अजूनही फार आवडते. फक्त मागच्या भागाचे सुटे पार्ट मिळायला वेळ लागतो. फोर्डच्या एन्डेव्हरचंही तसंच. दणकट गाडी, पण कंपनीने २०२१ मध्ये इथलं उत्पादन थांबवायचं ठरवलं. महिंद्राचं काहीही असलं तर तालुक्याच्या गावात पार्ट आणि हात लावणारा मिस्त्री दोन्ही मिळतात. सातपुड्यात बंद पडल्यावर या गोष्टीची किंमत कळते.

बीएस-६ डिझेल घेणार असाल आणि गाडी रोज फक्त घर-शेत अशी तीन-चार किलोमीटर चालणार असेल, तर सायलेन्सरमधला डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारी गाळणी) काजळीने भरतो. त्याला अधूनमधून हायवेवर मोकळी धाव लागते.

कागद

एमएच १८ धुळे, एमएच १९ जळगाव, एमएच ३९ नंदुरबार. या तिघांपैकी एकाची गाडी असली की निम्मी डोकेदुखी गेली. गुजरात किंवा मध्य प्रदेश पासिंगची गाडी स्वस्त वाटते, पण ती कायमची इथे आणायची तर तिकडच्या आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८, आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स लागतो. हा हिशेब आधी करा, मग स्वस्ताई मोजा. दिल्लीत दहा वर्षांच्या डिझेल गाड्यांवरच्या निर्बंधांमुळे तिकडच्या एसयूव्ही भावात पडून इकडे येतात, त्यांनाही हेच लागू.

नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर ते फिटल्याचा बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५. गाडीचा नंबर एम-परिवहनवर टाकून विमा, कर्जाचा बोजा आणि थकलेले चलान बघा. आरसीवर मॉडेलच्या रकान्यात बहुतेक वेळा फोर डब्ल्यू डी असा उल्लेख असतो. नसेल तर शंका घ्या. पंधरा वर्षं पूर्ण होत आलेल्या गाडीला पासिंग पुन्हा पाच वर्षांचं करून घ्यावं लागतं, सोबत फिटनेस आणि ग्रीन टॅक्स. तो खर्च भावातून वजा करायला लावा.

खाली झोपा

सारंगखेड्याच्या बाजारात घोडा घेणारा माणूस आधी खूर बघतो, मग आयाळ. गाडीतही तेच. मालकाला सांगा, गाडी धुऊ नका आणि मी येण्याआधी चालूही करू नका. बोनेटला हात लावून ती थंड आहे का बघा, गरम असेल तर काहीतरी लपवलंय. जुनी गोणपाट आणि मोबाइलची बॅटरी घेऊन खाली झोपा. कपडे मळतील, मळू द्या.

आधी चॅसिस. नवा काळा रंग मारलेला असेल तर नखाने खरवडा, खाली पापुद्रे निघतात का बघा. मागच्या चाकांच्या वरचा भाग आणि वेल्डिंगच्या जागा नीट बघा. आपल्या हवेत गंज कमी, पण खत, युरिया आणि फवारणीची औषधं वाहणाऱ्या गाडीला मात्र चांगलाच लागतो.

मग पुढच्या चाकांमागचे रबर बूट. भुसावळ-जळगावच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हाने ते वाळून चिरतात. बूट फाटला की आतलं ग्रीस बाहेर आणि चिखल आत. चाकाच्या आतल्या बाजूला काळे शिंतोडे दिसले तर बूट गेलाच समजा.

प्रोपेलर शाफ्ट (गाडीखालून हौजिंगकडे जाणारा लांब दांडा) हाताने धरा आणि गोल फिरवायचा प्रयत्न करा. क्रॉसमध्ये खुळखुळाट असेल तर हाताला कट्ट असा झटका लागतो. मिस्त्रीला सांगून मागच्या आणि पुढच्या, दोन्ही हौजिंगचा लेव्हल बोल्ट उघडा. पुढचंही उघडायला लावा, मिस्त्री टाळतात. करंगळी आत घालून तेल बाहेर काढा. काळं असलं तरी चालेल. चहासारखं दुधट असेल तर नाला ओलांडताना आत पाणी गेलंय आणि कुणी बदललेलं नाही. बोटांवर चमकी दिसली, म्हणजे आतलं लोखंड खात चाललंय. बोल्टला चुंबक असेल तर त्यावर बारीक राखेसारखा लेप असतोच, त्याला घाबरू नका. तुकडे असतील तर मात्र उठा, कपडे झटका आणि चहा पिऊन घरी या.

ओढायचा हुक वाकलेला, मागचा बंपर ओरबाडलेला असेल तर ही गाडी ट्रॉल्या आणि दुसऱ्यांच्या गाड्या ओढत आली आहे. क्लच आणि गिअरबॉक्सकडे जास्त लक्ष द्या.

टायरवर तयार झाल्याची तारीख असते. चार आकडी, जसं २३२१ म्हणजे २०२१ च्या तेविसाव्या आठवड्याचा. सहा-सात वर्षं झालेला टायर नक्षी शिल्लक असली तरी आपल्या उन्हात कडक झालेला असतो. चारही नवे घ्यावे लागणार असतील तर तेवढी रक्कम भावातून उतरवा. काळ्या मातीसाठी रुंद खाचांचे एमटी (मड टेरेन) टायर माती झटकून टाकतात, पण हायवेवर भुणभुणतात आणि ओल्या डांबरावर धरत नाहीत. आठवड्यातून एकदा शेत आणि रोज हायवे असेल तर एटी (ऑल टेरेन) बरे.

लिव्हरची परीक्षा

आता खरा भाग. लिव्हरवाल्या गाडीसाठी सांगतो.

सपाट जागा. मागच्या चाकांना दगड लावा, हँडब्रेक पक्का ओढा, इंजिन बंद, गिअर न्यूट्रल. गाडी टू एचमध्ये (दोन चाकांच्या ओढीवर) असताना पुढचं एक चाक जॅकवर उचला आणि हाताने फिरवा, फिरलं पाहिजे. आता चाक खाली घ्या. फोर एच, म्हणजे चार चाकांची ओढ टाका (हब असतील तर दोन्ही लॉक), बटणवाल्या गाडीत इंजिन चालू करून चार-पाच फूट पुढे घ्या म्हणजे जोडणी होते, आणि मग पुन्हा तसंच उचला. आता तेच चाक हाताने फिरता कामा नये. फिरलं तर पुढे ताकद जात नाही, मग डॅशबोर्डवर दिवा कितीही हिरवा दिसो. या परीक्षेला दहा मिनिटं लागतात. मी ती करायला शिकलो ते ट्रॅक्टरचे पैसे देऊन.

मग गाडी खळ्यावर किंवा मोकळ्या माळावर घ्या. फोर एचमध्येच स्टिअरिंग पूर्ण कापून अगदी सावकाश गोल फिरवा. गाडी अडखळते, कुणी मागून धरल्यासारखी वाटते, थोडे धक्के देते. हे दुखणं नाही, चारही चाकं जोडली गेल्याची खूण आहे. टू एचसारखी अलगद फिरली तर शंका. दिवा लुकलुकत राहिला तर जोडणी अर्धवट.

पूर्ण थांबून, क्लच दाबून फोर एल, म्हणजे लो रेंज टाका. पहिल्या गिअरमध्ये क्लच हळू सोडा आणि पाय काढून घ्या. गाडी शेताच्या बांधावर मुंगीसारखी चढली पाहिजे. तसंच खाली उतरवा, ब्रेकला हात न लावता. मध्येच लिव्हर उडून न्यूट्रलला येत असेल तर ट्रान्सफर केसमधले (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीतले) गिअर झिजलेत. असं असेल तर गाडी सोडा, भाव कितीही कमी असो.

शेवटी टू एचला परत आणा. न आल्यास घाबरू नका, चार-पाच फूट रिव्हर्स घ्या, ताण सुटतो आणि लिव्हर निघतो. त्यानंतरही नाही निघाला, तर माझ्या पहिल्या गाडीची बहीण सापडली म्हणायची.

आता डांबर. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण कापून पुढे-मागे घ्या, कट-कट-कट आवाज म्हणजे ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट गेला. हायवेवर साठ ते ऐंशीच्या वेगात काचा बंद करून रेडिओ बंद करा. वेगाबरोबर वाढणारी आणि ॲक्सिलरेटर सोडल्यावर सूर बदलणारी घूं-घूं ऐकू आली तर हौजिंगमधल्या क्राऊन-पिनियन या गिअरचं काम निघणार. लळिंगसारखा घाट जवळ असेल तर भर दुपारी एसी लावून चढवा. रेडिएटरच्या जाळीत वर्षानुवर्षं सुकलेला चिखल असला तर तापमानाचा काटा तिथे खरं बोलतो.

एडब्ल्यूडी गाडीत हे सगळं लागू होत नाही. तिथे लॉक मोड लावून ओल्या मातीत निघून बघा, मागची चाकं माती उडवतात का ते कुणाला तरी बाहेर उभं करून बघायला सांगा, आणि स्कॅनर लावून जुने एरर वाचून घ्या.

मनालीला न्यायची असेल तर

फोर बाय फोर घेणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या मनात बर्फ असतो, हे मला माहीत आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाल्यापासून तर जास्तच. हिवाळ्यात बर्फ पडला की तिकडचे पोलीस बऱ्याचदा फोर बाय फोर किंवा चेन लावलेल्या गाड्यांनाच पुढे सोडतात. एमटी टायर चिखलात राजा असला तरी कडक बर्फावर घसरतो, म्हणून चेन जवळ ठेवाच आणि घरी अंगणात एकदा लावून बघा, थंडीत बोटं चालत नाहीत.

पण खानदेशातल्या गाडीचा खरा धोका रेडिएटरमध्ये आहे. आपण उन्हाळ्यात साधं पाणी ओतत राहतो आणि कूलंट नावापुरतं उरतं. शून्याखाली ते पाणी गोठतं, फुगतं आणि इंजिनचा ब्लॉक तडकवतो. जुनी गाडी तिकडे नेण्याआधी सगळं काढून धुऊन कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं भरा. डिझेलची टाकीही इथून भरून नेलेल्या तेलावर ठेवू नका. तिकडे पोहोचल्यावर तिथल्या पंपावर थंडीचं डिझेल मिळत असेल तर ते भरा, नाहीतर सकाळी फिल्टरमध्ये मेण जमतं.

घरी आणल्यावर

पहिल्याच आठवड्यात पाच तेलं बदला: इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, पुढचं हौजिंग, मागचं हौजिंग. आधीचा मालक "आत्ताच बदललंय" म्हणेल, तरी बदला. हौजिंगच्या वरची हवेची बारीक नळी चिखलाने बंद असते, ती मोकळी करा, नाहीतर नाल्यात गरम हौजिंग थंड पडताच सीलमधून पाणी आत ओढलं जातं. गाडीत एक फावडं, ओढायचा पट्टा आणि हवा भरायचा छोटा पंप ठेवा. चिखलात जाण्याआधी टायरची हवा अठरा-वीस पीएसआयवर आणली की चाक पसरतं आणि बरंच निभावतं. डांबरावर चढण्याआधी परत भरायची, म्हणून पंप.

आणि महिन्यातून एकदा तरी, कोरड्या दिवसातसुद्धा, मातीच्या वाटेवर फोर एच आणि फोर एल टाकून अर्धा किलोमीटर चालवा, म्हणजे आतलं तेल फिरतं आणि काहीही जाम होत नाही. माझ्या लक्षात राहत नाही म्हणून मी ते शनिवारच्या लिंबू-मिरचीला जोडून टाकलंय. महिन्याच्या पहिल्या शनिवारी नवी लिंबू-मिरची बांधली की गाडी तशीच पाणंदीला घेतो आणि छोटा लिव्हर ओढतो. या गाडीच्या मुठीवरची अक्षरं आता पुसत आली आहेत.